वालाच्या दिवसांतलं रोम

परवा कर्जतच्या बाजारात वालाच्या शेंगा दिसल्या आणि माझ्या तोंडून आपसूक ‘फाबा!’ निघून गेलं. टोपलीमागे बसलेली ठाकूरवाडीची बाई दचकली. "काय म्हनलीस, बाय?" तिनं विचारलं. "काही नाही गं, शेंगा गावठीच आहेत ना?" मी सारवासारव केली. "मंग? बंगल्यातल्या हायेत का?" असं म्हणत तिनं माझी पिशवी भसाभस भरली. आता त्या माउलीला कुठं सांगत बसू, की फाबा हा लॅटिन शब्द आहे आणि तो मला माझ्या पोरीनं शिकवला. पिशवी काखोटीला मारून मी रिक्षात बसले आणि पळसदरी येईपर्यंत एकटीच हसत होते.

दर वर्षी हे असंच होतं. भात निघालं की आमच्याकडं त्याच खाचरांत, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल टाकतात. त्याला पाणी द्यायचं नाही की लाड करायचे नाहीत. पौष लागला की शेंगा टरारून भरतात आणि संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या बांधावरून पोपटीचा, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायच्या जाळाचा, धूर यायला लागतो. भांबुर्डीच्या पाल्याचा तो उग्र, हिरवा वास नाकात गेला की बाकीच्यांना भूक लागते. मला मात्र रोम आठवतं. त्यात काय करायचं! ज्याची त्याची आठवण.

आमच्या घरात रोम आलं त्या वर्षी दिवाळीत आम्ही जाईला शाळेतून काढलं होतं. जाई माझी लेक, तेव्हा अकरा वर्षांची. हुशार, हट्टी, आणि बोलायला लागली की थांबायची नाही अशी. तिचं बालपण आजूबाजूच्या शेतांत, तिथल्या पोरांबरोबर गेलं, त्यामुळे घरात आम्ही कितीही ‘आहे-नाही’ म्हटलं तरी तिच्या तोंडात ‘हाय-नाय’च बसलं होतं. मला त्याचं कधी वावडं नव्हतं. पण ती ज्या इंग्रजी शाळेत जायची, तिथं एकदा वर्गात गोष्ट सांगताना तिचं ‘हाय’ निसटलं आणि वर्ग हसला. पोरं हसणारच, पोरंच ती. पण बाईसुद्धा हसल्या. त्या दिवसापासून तिचं नाव ‘हायनाय’ पडलं आणि माझ्या पोरीनं तोंडाला कुलूप लावलं. पुस्तकं ती अधाशासारखी वाचायची, पण डोळ्यांनी. मोठ्यानं वाच म्हटलं की ओठ घट्ट मिटायचे. घरातसुद्धा ती खाणाखुणांवर आली तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "सुधीर, पुरे झालं. ही घरी शिकेल." लग्नानंतरही मी बरीच वर्षं रसायनीच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये होते. नोकरी नुकतीच सोडली होती, हातात वेळ होता आणि डोक्यात राग होता. एवढ्या भांडवलावर माणूस पुष्कळ काही करू शकतो.

अडचण होती ती आण्णांची. आण्णा म्हणजे माझे सासरे, खालापूर तालुक्यातल्या एका शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. मनानं देवमाणूस, पण खडूची सवय गेली नव्हती. त्यांच्यासमोर मांजर जरी ओरडलं तरी ते आधी त्याचा उच्चार सुधारतील आणि मग दूध देतील. जाई एखादं वाक्य कसंबसं बोलायला जायची, "आण्णा, पोस्टमन आला हाय..." की आण्णा लगेच, "आला आहे." झालं! पोर तिथंच मिटायची. त्यांना कळायचं नाही असं नाही, पण जीभ आवरायची नाही.

"सूनबाई, शाळा म्हणजे नुसती पुस्तकं नव्हेत," ते मला म्हणाले. "चारचौघांत उभं राहून बोलता आलं पाहिजे. ते घरात कसं येणार?" त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, हीच तर पंचाईत. शाळेनं जूनसाठी तिची जागा राखून ठेवली होती, फक्त काय ते लवकर कळवा म्हणाले होते. मग आण्णांनी निकाल दिला. माघात घरची पोपटी असते, लेकी-जावई येतात. त्या दिवशी जाईनं सगळ्यांसमोर काहीतरी बोलून दाखवायचं. बोलली तर राहू दे घरी. नाही बोलली तर जूनमध्ये पुन्हा शाळा. सुधीर मान डोलावून मोकळा झाला. मी वरून ‘बरं’ म्हटलं खरं, पण त्या वर्गात, त्याच बाकावर, तोंड शिवून बसलेली माझी पोर मला दिसायला लागली.

आणि अशा ऐन कसोटीच्या वेळी मी काय करावं? लॅटिन! घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

त्याला निमित्त दोन जुनी पुस्तकं, खालापूरच्या एका भंगारवाल्याकडं मिळालेली. कुठल्याशा बंगल्यातून रद्दीचा ढीग आला होता. त्यात रोमच्या इतिहासाचं एक जाडजूड सचित्र पुस्तक होतं आणि त्याच्या खाली लॅटिनची प्राथमिक ओळख करून देणारं, पुठ्ठा निघालेलं दुसरं. मी पहिलं उचललं, दुसरं जाईनं. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, म्हणूनच बहुतेक.

सुरुवातीला मी तेच केलं जे सगळ्या मास्तरणी करतात. सकाळी लॅटिन, दुपारी इतिहास, दोन्ही वेगवेगळं. सकाळी तक्ते पाठ करायचे, विभक्तीचे प्रत्यय घोकायचे. चार दिवसांत दोघी कंटाळलो. जाई प्रत्यय ओठांतल्या ओठांत पुटपुटायची आणि मला माझीच शाळा आठवून जांभया यायच्या. दुपारी मात्र लांडगीच्या दुधावर वाढलेले जुळे भाऊ, नांगर टाकून लढाईला गेलेला आणि लढाई जिंकून पुन्हा नांगराला आलेला शेतकरी, हे सगळं वाचताना तिचे डोळे चमकायचे. मग एका दुपारी पुस्तकात चित्र निघालं. रोममधले शिशाचे नळ. डोंगरावरून पाणी आणून घराघरांत सोडलेलं. मी चित्र बघितलं आणि माझ्या लॅबच्या डोक्यात दिवा पेटला. "जाई, शिशाला इंग्रजीत लेड म्हणतात ना? मग आम्ही बाटलीवर त्याची खूण पीबी का लिहायचो?" तिनं खांदे उडवले. "कारण रोमन लोक त्याला प्लुंबुम म्हणायचे! आणि लोखंड फेर्रुम, म्हणून एफई. सोनं आउरुम, चांदी आर्गेंतुम!" अहो, आयुष्यभर मी लॅटिनच्या बाटल्या पुसत होते आणि मला पत्ता नव्हता. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून खदखदा हसलो. खूप दिवसांनी ती आवाज काढून हसली होती.

त्या दिवसापासून आम्ही वेळापत्रक फाडून टाकलं. आधी इतिहास वाचायचा आणि त्यातच जो शब्द हाताला लागेल तो उकरायचा. सैन्य निघालं की सैन्याचा शब्द, डोंगर आला की डोंगराचा. ‘मोन्स आल्तुस एस्त’, डोंगर उंच आहे. हे वाक्य तिनं अंगणात उभं राहून, समोरच्या कड्याकडं बोट करून मला सांगितलं. अगदी हळू आवाजात, पण सांगितलं. प्रत्यय मग आपोआप यायला लागले, कारण कोण कुणाला मारतंय हे कळल्याशिवाय लढाईची मजाच येत नाही.

उच्चार बरोबर की चूक, हे सांगणारं कुणी नव्हतं. पुस्तकात लिहिलं होतं की ‘सी’चा उच्चार ‘क’ करावा. त्या हिशेबानं सिसेरो हा थोर वक्ता आमच्या घरात ‘किकेरो’ झाला. जाईला त्याचं फार हसू यायचं. कोंबडा आरवला की ती त्याला किकेरो म्हणून हाक मारायची. आणि तेव्हा मला एक गोष्ट लख्ख कळली, जी मी मुद्दाम ठरवून कधीच करू शकले नसते. लॅटिनला आज गाव नाही. ती कुणाच्या घरात, कुणाच्या अंगणात बोलली जात नाही. म्हणून त्या भाषेत कुणी गावंढळ नाही आणि कुणी शहाणं नाही. पुण्याचं पोर असो की पळसदरीचं, सगळे सारखेच परके. माझ्या पोरीला पहिल्यांदा अशी भाषा मिळाली होती, जिच्यात तिला हसायला या जगात कुणी उरलंच नव्हतं. नणंदेनं फोनवर विचारलं, "वहिनी, पण ती बोलतात कुठं?" मी म्हटलं, "कुठंच नाही." "मग शिकायची कशाला?" "त्यासाठीच!" मी म्हटलं. तिला वाटलं वहिनीचं डोकं फिरलं. वाटू दे.

पण अंगणातला हळू आवाज चारचौघांत काय कामाचा? तो आवाज मोठा केला रऊफचाचांनी, आणि तोही न कळत.

रऊफचाचा आमच्याकडचे प्लंबर. दोन पिढ्या कर्जतमध्ये दुकान, त्यांचं मूळ घराणं खाडीकडचं. माणूस बोलका, हातातला पाना थांबेल पण तोंड थांबणार नाही. त्या दिवशी विहिरीवरचा पंप पाणी ओढत नव्हता म्हणून आले होते. जाई तिथंच पायरीवर पुस्तक घेऊन बसली होती. "काय गं पोरी, काय वाचतंस?" त्यांनी विचारलं. तिनं नुसतं चित्र दाखवलं. तेच शिशाचे नळ. "आयला, हे तर आपलंच काम!" चाचा खाली वाकले. "कुठलं हाय?" मी घरातून पुढं होणार होते उत्तर द्यायला. तेवढ्यात जाई म्हणाली, "चाचा, यात तुमचं नाव हाय."

मी दारातच थबकले.

"माझं? माझं नाव यात कसं?" चाचांनी विचारलं. ती सांगायला लागली आणि नेमका पंप सुरू झाला. धडधडधड! चाचांनी कानाला हात लावला. "मोठ्यानं बोल गं, ऐकू येत नाय!" ती थोडं मोठ्यानं बोलली. "अजून मोठ्यानं!" आणि माझी पोर, जिच्या तोंडून महिनोन् महिने धड वाक्य निघालं नव्हतं, ती पंपाच्या वर आवाज काढून ओरडली, "शिशाला प्लुंबुम म्हणायचे! त्याचे नळ बसवणारा तो प्लंबर! रोमपासून तुमचा धंदा हाय!" चाचा पंप बंद करायलाही विसरले. "भाबी, आयकलं का?" ते मला म्हणाले, "आता कुनी बिल कमी करा म्हनालं तर सांगेन, बादशाही काम हाय, रोमचं!" त्यांना तिचं ‘हाय’ ऐकू आलंच नाही. त्यांच्या तोंडातही तेच होतं ना.

त्यानंतर चाचा गळती नसतानाही डोकावायला लागले. "पुढं काय झालं तुमच्या रोमचं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. जाई त्यांना पंपाशी बसून वाचून दाखवायची, इंग्रजीतलं मराठीत करत आणि मधेमधे लॅटिन पेरत. पंप चालू असेल तर फारच छान. त्या महिन्यात आमच्या विजेच्या बिलानं काय उडी मारली ते विचारू नका, पण विहिरीचं एवढं पाणी कुणाच्याही उपयोगी पडलं नसेल.

मग हॅनिबल आला, हत्ती घेऊन. समुद्रापलीकडच्या कार्थेजचा हा सेनापती बर्फाचा आल्प्स ओलांडून रोमवर चालून गेला. जाईनं त्याला लगेच आमच्याच घाटात आणून सोडला. आमच्या घरामागून खंडाळ्याचा घाट चढतो. कर्जतला गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, त्यांचा घुमणारा आवाज दिवसभर कानांवर असतो. त्या आवाजावर तिनं हत्ती चढवले. वाट अडवणारा खडक हॅनिबलच्या माणसांनी आधी जाळ करून तापवला आणि मग त्यावर आंबलेली दारू, म्हणजे व्हिनेगर, ओतून फोडला, असं पुस्तकात होतं. लॅबवाली आई हे नुसतं वाचून सोडेल होय? आम्ही अंगणात काटक्या पेटवल्या, धोंडा तापवला आणि घरातली व्हिनेगरची बाटली त्यावर रिकामी केली. चर्रर्र झालं, घरभर लोणच्याचा वास सुटला आणि धोंडा होता तसाच. सह्याद्रीचा काळा कातळ, त्याला कसली दाद! सुधीर कामावरून आला आणि नाक दाबून मागच्या दारानं आत गेला.

हॅनिबलला खरा भेटला तो फाबियस. हा रोमन सेनापती समोरासमोर लढायचाच नाही. डोंगरांच्या कडेकडेनं राहायचा, शत्रूला दमवायचा, लढाई उद्यावर ढकलायचा. लोक त्याला भित्रा म्हणाले, पण रोम वाचलं ते त्यामुळे. आणि त्याच्या घराण्याचं नाव म्हणे ‘फाबा’वरून पडलेलं. फाबा म्हणजे तिकडच्या शेंगांचा दाणा. तो आणि आपला वाल एक नव्हेत, पण चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही. बाहेर खाचरांत वाल भरत आला होता. जाई म्हणाली, "म्हणजे ते आपल्यातले वालेकर." मी मात्र त्या फाबियसकडून धडा घेतला. आण्णा सकाळी चष्मा लावून म्हणाले, "जाई, ये, वाचून दाखव," की मी चहा पुढं करायची. चहा झाला की बाजारातून ओवा आणा म्हणायची. ओवा आला की खडेमीठ. आण्णांनी त्या महिन्यात कर्जतच्या जेवढ्या खेपा केल्या तेवढ्या नोकरीत केल्या नसतील. त्यांच्यासमोर ती आधीच बोलली असती आणि त्यांनी एकदा जरी ‘आहे’ म्हणून टोकलं असतं, तर सगळं मुसळ केरात. लढाई व्हायचीच होती, पण आमच्या मैदानावर आणि शेंगा भरल्यावर.

शेंगा भरल्या. माघातला तो दिवस उजाडला आणि मला सकाळपासून अन्न गोड लागेना. नणंद, तिचा नवरा आणि त्यांची लेक रिया खारघरहून आले. रिया जाईहून थोडी मोठी, चुणचुणीत, जिभेनं जराशी तिखट. कोंबडी नेहमीप्रमाणे रऊफचाचांनी आणली, हलाल, म्हणजे ती त्यांच्यासकट सगळ्यांनाच चालते. दिवस कलायला लागला तसं आम्ही बांधावर मडकं भरायला बसलो. तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, ओवा, मीठ, मसाला लावलेली कोंबडी, बटाटे, अंडी, पुन्हा शेंगा. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्यानं गच्च बंद करून मडकं उपडं ठेवलं, भोवती पेंढा आणि काटक्या रचल्या आणि सुधीरनं काडी लावली. जाळ भडकला. पोपटी शिजेपर्यंत करायला काहीच नसतं. सगळे जाळाभोवती बसले आणि आण्णा म्हणाले, "हं, जाई."

जाई उठली. तिच्या हातात पुस्तक नव्हतं. ती माझ्याकडं बघेल असं वाटलं होतं, पण तिनं बघितलं नाही. जाळाच्या पलीकडं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हानिबाल एलेफांतोस दूकित."

रियाचं तोंड उघडंच राहिलं. "हॅनिबल हत्तींना घेऊन निघालाय," जाईनं सांगितलं. आवाज पंपाच्या वरचा. जाळाचा तडतडाट तिनं जमेतच धरला नाही. "समोर आल्प्स. म्हणजे आपला खंडाळ्याचा घाटच, पण बर्फाचा. आणि मागनं ढकलायला इंजिन नाय. हत्तीच पुढं नि हत्तीच मागं. आता वाटेत हा एवढा मोठा खडक हाय..."

रिया खुदकन हसली. "हाय!" तिनं नक्कल केली.

आण्णांचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. ते आता ‘आहे’ म्हणणार, हे मला त्यांच्या मानेच्या हलण्यावरूनच कळलं. जाई थांबली. तिनं रियाकडं बघितलं, रागानं नाही, नुसतं, वर्गात मास्तर बघतात तसं.

"झालं हसून?" ती म्हणाली. "हसायचं तर पोटभर हसून घे, मी थांबते. पण हॅनिबल अजून वरच हाय, थंडीत. त्याला खाली आणायचाय."

रऊफचाचांनी मांडीवर थाप मारली. रिया लाजून हसली आणि पुढं सरकून बसली. खरंच ऐकायला बसली. आण्णांनी तोंड मिटलं. आणि जाई सुटली! तिनं खडक तापवला, व्हिनेगर ओतलं, आमचा फजितीचा धोंडाही मधे सांगून टाकला. जाळाच्या उजेडात तिचे हात हत्तीच्या सोंडेसारखे हलत होते. मी तिच्याकडं बघत होते आणि मला रडू येत होतं, ते लपवायचीही गरज नव्हती, धुराचं निमित्त होतंच.

"मग?" आण्णा पुढं वाकून म्हणाले. "खडक फुटला का नाय?"

ते सगळ्यांनी ऐकलं. कुणीच हसलं नाही. त्यांचं स्वतःच्या आईच्या घरातलं बोलणं असावं ते, मी तर त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

"फुटला!" जाई ओरडली. "आता पलीकडचा उतार हाय, निसरडा..."

आण्णांना राहवेना. ते सुधीरकडं वळले. "सुधीर, उद्या सकाळी त्या शाळेत फोन कर. म्हणावं, आमच्या मुलीची जागा दुसऱ्या कुणाला द्या. आमची शाळा इथं चांगली चालली..."

"आण्णा!" जाई कडाडली. "मधे बोलू नका ना! हत्ती घसरतायत तिकडं!"

ज्यांच्यासमोर अर्धा खालापूर तालुका हाताची घडी घालून उभा राहिला, ते आमचे हेडमास्तर आपसूक बोट ओठांवर ठेवून गप्प बसले. आणि माझ्या पोरीनं, सगळ्यांच्या देखत, एकूण एक हत्ती घाटाखाली उतरवला.